एक बाकी

टर्की म्हटलं की शहाद्यात लोक देशच समजतात.
मी पक्षी सांगतो. तोही पांढरा, फार्मचा नको,
ज्याची छाती इतकी फुगवलीय
की मादीवर चढायचं तो विसरून गेला.
मला जुना पाहिजे, काळवंडल्या तांब्याचा,
मिशनच्या कंपाउंडात होता तसला.
बाप तिथल्या पोरांचे गणवेश शिवायचा,
मी गठ्ठा घेऊन मागे, आणि गेटातच
ते शेपूट उघडायचं,
गिऱ्हाइकापुढे सबंध तागा फेकावा तसं.

तीन जणांनी फोटो पाठवले.
एक धुळ्याचा, एक बऱ्हाणपूरचा, एक सेंधव्याचा.
तिन्ही फोटोंत मागे तीच निळी टाकी.
दोंडाईच्याला एकाने खरंच पक्षी दाखवला;
मी पाठीवरून हात फिरवला,
घरी येऊन पाहतो तर तळव्याला कलप.

मग पॅसेंजर. चिंचपाड्याला उतरून पायी दोन कोस.
रिबकाबाई वळवी.
नवरा मिशनचा वॉचमन होता;
साहेब गेले, कुलपं गंजली,
पक्षी हिच्याकडे राहिले. पगारात धरले, म्हणाली.
साथीच्या साली गोणपाटं घेऊन माणसं आली होती,
पांढरे अंगरखे, खड्डे, चुना,
पोल्ट्र्या एका रात्रीत गप्प.
नकाशावरची रेघ नाल्याशी थांबली.
हिचं घर नाल्यापलीकडे.
नाल्यानं वळण अलीकडून घेतलं असतं तर,
असं काही ती म्हणाली नाही.
ते मीच, परतताना, गाडीत.

मी पैसे काढले. तिने पाहिलेही नाहीत.
"रात्री झोपतील कुठं?"
जाळीच्या खोलीत, मी म्हणालो, वर पत्रा, बाहेरून कडी.
ती आत गेली आणि मोह निवडत बसली.
दीड तास. मग मीच उठलो.

दुसऱ्या खेपेला अंगणातल्या लिंबाचं माप घेऊन गेलो,
टेप तसाही गळ्यातच असतो.
खालची फांदी सहा फूट दोन इंच,
जाडी मनगटाएवढी, पूर्वेला वाकलेली.
तिने ती हवेत हाताने दाखवायला लावली. दाखवली.
"मांजर?" शेजाऱ्यांचं आहे.
"शेजारी?" बरे आहेत.

एक नर, दोन माद्या. साडेचार हजार,
आणि वर अट: पहिल्या पिल्लांतली दोन परत.

डालं मांडीवर घेऊन बसलो.
नंदुरबारला एक म्हातारा वाकून,
"इतला मोठा कोंबडा कथाईन लयना, भो?"
मी सांगेपर्यंत नराने फटीतून मान काढली,
चोचीवरची लोंब लाल, मान निळी, टाळू पांढराफटक,
आणि इंजिनाच्या भोंग्याला उत्तर दिलं.
डबा हसला. कुणीतरी दादरची मूठ पुढे केली.

आता आमच्या गल्लीत तो सगळ्यांना उत्तर देतो,
पिठाच्या गिरणीला, एसटीच्या हॉर्नला,
शाळेच्या घंटेला,
माझ्या मशीनची बॉबिन खडखडली तरी.
रात्री तिघं फांदीवर. मी दोनदा उठून मोजतो.
तीन म्हणजे तीनच असतात. तरी.

अंडी अकरा, ठिपक्यांची.
मादी अठ्ठावीस दिवस उठली ती फक्त पाण्याला.
चार निघाली; एक पहाटेच्या गारठ्यात गेलं.
दोन बुटाच्या खोक्यात घालून, भोकं पाडून,
मी पुन्हा चिंचपाड्याला.

रिबकाबाईनं दोन्ही उलटी धरून पाय बघितले,
चष्मा नव्हता, बोटांनीच.
एकाचं बोट वाकडं. मला दिसलंच नव्हतं,
मला, जो टाका सूतभर सरकला तरी उसवतो.
म्हणालो, घरी तिसरं आहे, सरळ आहे, आणतो.
तिने वाकडं पदरात घेतलं,
सरळ माझ्या खोक्यात परत ठेवलं.
"तू नवा आहेस. चांगलं तूच ठेव."
आणि झाकण लावून, सुतळी आवळताना:
"एक बाकी, टेलरभाऊ."